एसडी कार्डचा ड्रायव्हर गळ्यात पडलाय, नव्याने लिहू की आहे तोच सांभाळू?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो म्हणजे मला नीट कळलाय का ते बघा. कंपनीतला सिनियर नोकरी सोडून गेला, त्याने सांभाळलेला एसडी होस्ट कंट्रोलरचा (चिपमधल्या, कार्डाशी बोलणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर आता तुमच्याकडे आलाय, लिनक्स कर्नल ४.१९ वरून ६.६ वर न्यायचाय. काही कार्डं रीबूट केल्यावर दिसतच नाहीत पण पॉवर केबल काढून परत लावली की गुपचूप दिसतात, काहींवर लॉगमध्ये वजा ११० (टाइमआउटची एरर) येतो, आणि कोडमध्ये जागोजागी एमडिले (ठरावीक मिलिसेकंद थांबायच्या ओळी) पेरून ठेवलेत जे का आहेत ते कोणालाच माहीत नाही. आणि तुम्ही विचारताय की हे सगळं फेकून नव्याने लिहू का आणि लिहिलं तर मेनलाइनला (लिनक्सच्या अधिकृत कर्नलला) पाठवू का.

मी पुण्यात एम्बेडेड लिनक्समध्ये पंधराएक वर्षं काढलीत, त्यातली सहा-सात वर्षं याच कार्डाच्या भानगडीत गेली, त्यामुळे सांगतो ते तिथलंच आहे. आणि स्पष्ट सांगायचं तर तुमचा खरा प्रॉब्लेम "जुना कोड की नवा कोड" हा नाहीच. खरा प्रॉब्लेम हा आहे की कुठली चूक कोणाची आहे हे तुमच्याकडे कुठेच लिहिलेलं नाही. मेमरी कार्डाच्या धंद्यात चार पार्ट्या असतात, कार्ड, कंट्रोलर, बोर्ड आणि कर्नलचा एमएमसी कोअर, म्हणजे सगळ्या कार्ड ड्रायव्हरांचा सामायिक भाग. चौघांपैकी कोणीही गडबड केली तरी लॉगमध्ये दिसतो तोच एक वजा ११०. मग माणूस जिथे हात पोचतो तिथे म्हणजे ड्रायव्हरमध्ये पट्टी मारतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. तुमच्या सिनियरने बहुतेक तेच केलंय, आणि त्याला दोष देत नाही, शिपमेंटच्या आदल्या रात्री मीही तेच केलेलं आहे.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधी मान्य करतो. तुमची कंपनी चिप बनवते की तयार चिप घेऊन प्रॉडक्ट बनवते, प्रॉडक्ट फील्डमध्ये किती वर्षं राहणार, कार्ड ग्राहक स्वतः घालतो की तुम्हीच घालून सील करून देता, यावर उत्तर बदलतं. कार्ड तुम्हीच ठरवत असाल तर निम्मी डोकेदुखी खरेदी विभागात बसून सुटते. ग्राहक वाट्टेल ते कार्ड घालणार असेल तर मात्र देवच वाली, मग टेस्टिंगवरच खर्च करावा लागतो. तुमच्या वर्णनावरून प्रॉडक्ट कंपनी आहे आणि स्लॉट उघडा आहे असं धरून चालतो.

सगळ्यात आधी रीबूटवाला प्रॉब्लेम, कारण तो मी न बघताच नव्वद टक्के ओळखला. एसडी कार्ड सुरू होतं ३.३ व्होल्ट सिग्नलवर. यूएचएस (जास्त वेगाचा) स्पीड पाहिजे असेल तर होस्ट म्हणजे कंट्रोलर त्याला कमांड ११ देतो आणि दोघंही १.८ व्होल्टवर उतरतात. आता गंमत अशी की कार्ड एकदा १.८ वर गेलं की परत ३.३ वर यायचा एकच रस्ता आहे, त्याची पॉवर पूर्ण काढायची. रीसेट कमांड म्हणजे कमांड ० पाठवली तरी सिग्नलचं व्होल्टेज बदलत नाही. तुम्ही रीबूट करता तेव्हा प्रोसेसर रीसेट होतो, बूट रॉम (चिपमध्ये कायमचा कोरलेला पहिला कोड) ३.३ वर बोलायला लागतो, पण कार्डाला कोणी सांगितलंच नाही की नवा दिवस उजाडलाय, ते बिचारं १.८ वरच बसलेलं असतं. काही कार्डं तरीही सांभाळून घेतात, काही अजिबात बोलत नाहीत. केबल काढली की पॉवर जाते, कार्ड ताळ्यावर येतं. म्हणून तुम्हाला "काही कार्डं, फक्त रीबूटला" असं दिसतंय.

आता यात चूक कोणाची? ड्रायव्हरची नाही. मेनलाइन कोअरला तर कार्ड आधीच १.८ वर आहे हे ओळखता येतं आणि तो होस्टला पण तिकडे नेतो, पण बूट रॉमला ही अक्कल नसते आणि ती आपण घालू शकत नाही. चूक बोर्डाची आहे. कार्डाची पॉवर कायम चालू असलेल्या लाइनवर बांधली असेल तर ती कापायला जागाच नाही. इलाज दोन. पुढच्या बोर्ड रिव्हिजनला कार्डाच्या पॉवरवर लोड स्विच टाका, जीपीआयओने (प्रोसेसरच्या साध्या पिनने) चालणारा, आणि रीसेट लागला की तो आपोआप बंद पडेल असा पुल-डाऊन रेझिस्टर लावा, आणि डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये) तो कार्डाचा व्हीएमएमसी सप्लाय म्हणून द्या. आणि आत्ता जे बोर्ड फील्डमध्ये आहेत त्यांच्यासाठी डिव्हाइस ट्रीत "नो १.८ व्होल्ट"वाली प्रॉपर्टी टाका आणि यूएचएसच्या ओळी काढा. स्पीड यूएचएसमधल्या एसडीआर १०४ या मोडच्या १०४ एमबी प्रति सेकंदावरून हाय स्पीडच्या २५ वर येईल, हे मॅनेजरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर नवा कर्नल स्लो आहे म्हणून बोंब तुमच्या नावाने होईल.

आणि स्विच असूनही प्रॉब्लेम असेल तर कपॅसिटर बघा. पॉवर सायकल म्हणजे नुसतं स्विच बंद करणं नाही, कार्डाच्या पिनवरचं व्होल्टेज ०.५ च्या खाली जाऊन किमान १ मिलिसेकंद तिथे राहायला पाहिजे. हार्डवेअरवाल्याने "सेफ्टी" म्हणून मोठा कपॅसिटर लावलेला असला तर स्विच बंद होऊन चालू झाला तरी कार्डाला त्याचा पत्ताच लागत नाही. आमच्याकडे हे शोधायला दोन आठवडे गेले होते आणि शेवटी उत्तर होतं एक डिस्चार्ज रेझिस्टर.

हे इतकं लांबण लावून सांगायचं कारण म्हणजे तुमच्या ड्रायव्हरमधले निम्मे एमडिले याच कुटुंबातले असणार. कोणीतरी बघितलं की कार्ड कधीकधी उठत नाही, २० मिलिसेकंद थांबलं की उठतं, टाका. पण कोअर स्वतःच पॉवर दिल्यावर १० मिलिसेकंद थांबतो, आणि बोर्डाला जास्त लागत असेल तर डिव्हाइस ट्रीत पॉवर-ऑननंतरचा डिले सांगायची वेगळी सोय आहे, रेग्युलेटरला (व्होल्टेज पुरवणाऱ्या चिपला) स्वतःचा स्टार्टअप डिले पण देता येतो. म्हणजे ज्या बोर्डाचं दुखणं त्या बोर्डाच्या फाइलमध्ये. ड्रायव्हरमध्ये टाकलं की ते सगळ्या बोर्डांना भोगावं लागतं आणि पाच वर्षांनी तुमच्यासारख्या कोणालातरी विचारावं लागतं की हे का आहे.

पण म्हणून सगळे डिले एका दमात पुसू नका. मी पुसले होते. तरुण रक्त होतं, क्लीनअप पॅच काढला, माझ्या टेबलावरच्या तिन्ही बोर्डांवर मस्त चाललं, आणि तीन महिन्यांनी एका बॅचचे युनिट परत यायला लागले. त्या बॅचमध्ये खरेदीने रेग्युलेटर बदलला होता, त्याचं व्होल्टेज चढायला जास्त वेळ लागत होता, आणि मी काढलेला एक डिले नेमका त्याच्यासाठी होता. लिहिलेलं कुठेच नव्हतं. तेव्हापासून नियम केला, एका वेळी एकच डिले काढायचा, सगळ्या कार्डांवर आणि सगळ्या बोर्ड रिव्हिजनवर चालवायचा, आणि परत घालावा लागला तर कोणत्या बोर्डावर कोणत्या कार्डाने काय केलं हे कमेंटमध्ये तारखेसकट लिहायचं.

कर्नलमध्ये हे कसं करतात त्याचा एक छान नमुना आहे. एमएमसी कोअरमध्ये डेटाचा टाइमआउट ठरवणारं फंक्शन उघडा. एसडी कार्डाला वाचायला १०० मिलिसेकंद आणि लिहायला चक्क ३ सेकंद दिलेत. स्पेसिफिकेशन लिहायला २५० म्हणतं, होस्टने ५०० च्या वर द्यावेत अशी शिफारस करतं, मग ३ सेकंद कुठून आले? वरची कमेंट वाचा, आधी ३०० ठेवलेले होते आणि काही कार्डांना ते पुरले नाहीत असं सरळ लिहिलंय. हा आकडा कोणी हुशार माणसाने गणित मांडून काढलेला नाही, खऱ्या कार्डांनी खाल्लेल्या ठेचांचा तो हिशोब आहे. तुमच्या ड्रायव्हरमध्ये बहुतेक कोणीतरी स्वतःचा टाइमआउट ठोकलेला असेल, ५०० वगैरे. वजा ११० म्हणजे टाइमआउट. कार्ड आतल्या आत कचरा आवरत असतं, एखादेवेळी सेकंदभर बिझी राहतं, आणि तुमचा ड्रायव्हर तेवढ्यात हात झटकून मोकळा होतो. कोअर जो टाइमआउट देतो तो वापरा, स्वतःचं डोकं चालवू नका.

तसंच, प्रत्येक वजा ११० ला घाबरू पण नका. नवीन कार्ड घातलं की कोअर आधी विचारतो तू एसडीआयओ (वायफायसारखं कार्ड) आहेस का, मग एसडी आहेस का, मग एमएमसी आहेस का. मेमरी कार्ड एसडीआयओच्या कमांड ५ ला उत्तर देतच नाही, म्हणजे टाइमआउट येणारच, तो नॉर्मल आहे. ड्रायव्हरने तिथे लाल अक्षरात एरर छापली तर ती ड्रायव्हरची चूक, कार्डाची नाही. आमच्या एका ग्राहकाने अशा निरुपद्रवी ओळी दाखवून अख्खा लॉट परत पाठवायची धमकी दिली होती.

वजा ८४ मात्र वेगळा प्राणी. तो सीआरसीचा, म्हणजे बिट्स आले पण मळलेले आले. २०८ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एसडीआर १०४ मध्ये होस्टला डेटा नेमका कधी उचलायचा हे आधी शोधावं लागतं, त्याला ट्यूनिंग म्हणतात, कार्डाला कमांड १९ देऊन ६४ बाइटचा ठरलेला नमुना परत परत मागवायचा आणि कुठल्या डिलेवर तो शुद्ध येतो ते बघायचं. आमच्या एका जुन्या ड्रायव्हरमध्ये कोणीतरी ट्यूनिंग न करता लॅबमध्ये एक डिले शोधून तोच कायमचा ठोकलेला होता. पुण्यात एसीमध्ये वर्षभर उत्तम चाललं. मग युनिट चंद्रपूरला उघड्यावर पत्र्याच्या पेटीत बसले, मे महिना आला, आणि दुपारी १ ते ५ सीआरसी एरर, संध्याकाळी सगळं आलबेल. तापमानाने डेटा उचलायची ती खिडकी सरकते, म्हणूनच कोअरमध्ये परत ट्यूनिंग करायची सोय आहे, सीआरसी एरर आली की पुढच्या कमांडच्या आधी तो स्वतःच रीट्यून करतो, फक्त तुमच्या ड्रायव्हरने ते फंक्शन खरंखुरं लिहिलेलं पाहिजे. हेअर ड्रायर हे आमच्या लॅबमधलं अधिकृत टेस्ट इन्स्ट्रुमेंट आहे, हसू नका.

आता कार्डाचीच चूक असते ते प्रसंग. होतात, पण लोक समजतात त्यापेक्षा खूप कमी. कर्नलमध्ये कार्डांच्या क्वर्कचं एक टेबल आहे, कोणत्या उत्पादकाचं, कोणत्या नावाचं कार्ड काय चुकतं याची नोंद. कोणाची ट्रिम बिघडलेली, कोणाचा डिस्कार्ड (दोन्ही जागा मोकळी करायच्या कमांड), कोणाची कॅशे. भलीभली नावं आहेत त्यात, मी इथे घेत नाही, उघडून बघा, करमणूक होते. मुद्दा असा की ओळख पटते ती कार्डाच्या सीआयडी रजिस्टरवरून (कार्डाच्या ओळखपत्रावरून), म्हणजे फक्त त्याच कार्डाला ती सवलत मिळते. आणि कंट्रोलरचे क्वर्क वेगळे, ते होस्ट ड्रायव्हरमध्ये. उदाहरणार्थ डीएमएच्या (प्रोसेसरला मध्ये न घेता डेटा हलवायच्या) डिस्क्रिप्टरमध्ये लांबी ० लिहिली की त्याचा अर्थ ६५,५३६ बाइट असा घ्यायचा असतो, पण काही कंट्रोलर शून्य म्हणजे शून्यच समजतात. ती कंट्रोलरची चूक, कार्डाचा काय संबंध. मी घेतलेल्या एका ड्रायव्हरमध्ये एका कार्डाच्या चुकीसाठी मल्टी-ब्लॉक राइटच (एका दमात अनेक ब्लॉक लिहिणं) बंद करून टाकलं होतं, सगळ्या कार्डांसाठी, सगळ्या बोर्डांवर, आणि पाच वर्षं सगळे म्हणत होते की आपला प्रोसेसरच हळू आहे.

बाजारातली नकली कार्डं हा आणखी एक प्रकार. ६४ जीबी लिहिलेलं असतं आणि आत ८ असतात, ८ च्या पुढे लिहिलेलं हवेत जातं. ड्रायव्हरवर आठवडाभर घालवायच्या आधी एफ-३ नावाचं टूल चालवून कार्ड खरं आहे का ते बघा. आणि हो, टेस्टिंगसाठी मुद्दाम अशीच कार्डं पण घ्या. मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोड आणि आपल्या पुण्याच्या तपकीर गल्लीतून मिळतील तेवढी वेगवेगळी कार्डं गोळा केली होती, सुपारीच्या खाने असलेल्या डब्यात ठेवायचो, प्रत्येकावर नंबर आणि डब्याच्या झाकणात चिठ्ठी, कुठल्या नंबरने कुठल्या बोर्डाला कधी रडवलं. हा डबा माझ्या मते कोडपेक्षा जास्त किमती आहे. नोकरी सोडताना तो मागे ठेवावा लागला त्याचं दुःख अजून आहे.

नव्याने लिहायचं का, यावर येतो. आधी हे तपासा की तुमचा कंट्रोलर खरंच "तुमचा" आहे का. बहुतेक चिपमधला एसडी कंट्रोलर कुठूनतरी विकत घेतलेला आयपी (तयार डिझाइन) असतो, आणि त्यातले बरेचसे एसडीएचसीआय या कंट्रोलरच्या स्टँडर्डचे नाहीतर सिनॉप्सिस कंपनीच्या डिझाइनवेअरचे निघतात. रजिस्टरचा नकाशा समोर ठेवून मेनलाइनच्या ड्रायव्हरशी जुळवून बघा. एसडीएचसीआयचा कोड २००६ पासून कर्नलमध्ये आहे, जगभरच्या विचित्र हार्डवेअरने त्याला बडवून बडवून पक्का केलाय. माझ्याकडे आलेला एक ड्रायव्हर चार हजार ओळींचा होता, आतमध्ये साधा एसडीएचसीआय निघाला, फक्त क्लॉक आणि ट्यूनिंगची दोन-चार रजिस्टरं वेगळी. शेवटी सहाशे ओळींच्या आतला छोटा तुकडा उरला, बाकी सगळं मेनलाइनचं. असं निघालं तर नव्याने लिहा, डोळे झाकून. नाहीच निघालं, खरंच वेगळा कंट्रोलर असेल, तर नव्याने लिहू नका, आहे तोच हळूहळू आवरा.

आवरताना दोन जागा नीट बघा, कारण चिपवाल्यांच्या ड्रायव्हरमध्ये इथे हमखास माती खाल्लेली असते. पहिली, रिक्वेस्ट संपवणं. कोअरने दिलेली प्रत्येक रिक्वेस्ट एकदाच आणि नक्की एकदाच संपली पाहिजे. इंटरप्ट (काम झालं असा हार्डवेअरचा इशारा) येतो तेव्हा संपवायची, इंटरप्ट आलाच नाही तर टायमर वाजून संपवायची, एसडीएचसीआय यासाठी १० सेकंद थांबतो. आता दोघं एकाच क्षणी आले तर? लॉक नीट नसेल तर रिक्वेस्ट दोनदा संपते आणि कर्नल भलत्याच ठिकाणी कोसळतो, आणि ते महिन्यातून एकदा होतं त्यामुळे पकडणं अवघड. उलट, लिहिता लिहिता कोणी कार्ड उपटलं आणि रिक्वेस्ट कधी संपलीच नाही, तर प्रोसेस डी स्टेटमध्ये लटकते, किल करता येत नाही, मग ग्राहक म्हणतो हँग झालं. कार्ड लिहिताना शंभर वेळा उपटायची टेस्ट करा, कंटाळवाणी आहे पण ज्युनियर मुलं आनंदाने करतात.

दुसरी जागा, प्रोबमधली (ड्रायव्हर हार्डवेअरला जोडला जातो त्या फंक्शनमधली) एरर हँडलिंग. इथे एक गोष्ट सांगतो जी तुमच्या मेनलाइनच्या प्रश्नाचं पण उत्तर आहे. होस्ट कोअरला जोडणारं जे फंक्शन आहे ते फेल होऊ शकतं, पण कित्येक ड्रायव्हर त्याची रिटर्न व्हॅल्यू बघतच नव्हते. २०२२ च्या शेवटी कोणीतरी बसून झाडामधल्या (कर्नलच्या मुख्य सोर्समधल्या) एकेक ड्रायव्हरला हे दुरुस्त करणारे पॅच पाठवले, आणि ज्यांना ते ड्रायव्हर स्वतःचे वाटत होते त्यांना काहीही न करता दुरुस्ती फुकट मिळाली. २०२३ मध्ये प्लॅटफॉर्म ड्रायव्हरच्या रिमूव्ह फंक्शनने काही परत द्यायचं नाही असा बदल सुरू झाला, तेव्हाही एमएमसीचे ड्रायव्हर लोकांनी स्वतःहून बदलून दिले. तुमचा ड्रायव्हर बाहेर होता म्हणून त्याला यातलं काही मिळालं नाही. कर्नल आतला एपीआय (ड्रायव्हर वापरतो ती फंक्शनं) स्थिर ठेवायचं वचन देतच नाही, हे त्यांनी डॉक्युमेंटेशनमध्येच स्वच्छ लिहून ठेवलंय. म्हणजे बाहेर राहिलात की दर दोन वर्षांनी हीच वारी. ४.१९ चा तर पाठिंबाही डिसेंबर २०२४ मध्ये संपला, त्यामुळे तिथेच राहतो हा पर्याय तसाही नाही.

४.१९ ते ६.६ एकदम उडी मारू नका. ५.४, ५.१०, ५.१५, ६.१ असे टप्पे घ्या, प्रत्येक ठिकाणी ड्रायव्हर कंपाइल करून डब्यातली सगळी कार्डं चालवा. काही बिघडलं तर कोणत्या दोन टप्प्यांमध्ये बिघडलं हे कळतं आणि बायसेक्ट (अर्धं अर्धं करत दोषी बदल शोधणं) करायला जागा राहते. ५.१० ला एक गंमत होईल, बरेचसे एमएमसी ड्रायव्हर तेव्हापासून समांतर प्रोब होतात, त्यामुळे ब्लॉक ० आणि ब्लॉक १ या नावांची अदलाबदल होऊन ईएमएमसीच्या (बोर्डावरच्या कायमच्या मेमरीच्या) जागी कार्डावरून रूट (मुख्य फाइलसिस्टम) शोधलं जाईल आणि बोर्ड बूट होणार नाही. घाबरू नका, त्याच आवृत्तीपासून डिव्हाइस ट्रीत एलियस देऊन नंबर पक्का करता येतो, किंवा त्याहून चांगलं म्हणजे रूटला पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा न बदलणारा आयडी) द्या.

टेस्टसाठी कर्नलमध्येच एमएमसी टेस्ट नावाचा ड्रायव्हर आहे. कार्ड ब्लॉक ड्रायव्हरपासून सोडवून त्याला जोडायचं आणि डीबगएफएसमधून (कर्नलच्या तपासणीच्या खास फाइलींमधून) टेस्ट चालवायच्या. कार्डावरचा डेटा जातो, तेव्हा लग्नाच्या फोटोंचं कार्ड घालू नका, हे मी गमतीने म्हणत नाही, आमच्याकडे झालंय. त्यानंतर फायो हे टूल व्हेरिफायसकट (लिहिलेलं परत वाचून ताडणं) लावून रात्रभर. आणि सस्पेंड-रिझ्यूम, त्यात सस्पेंड असताना कार्ड बदलून बघा. कोअर जागा झाल्यावर सीआयडी ताडून बघतो की हे तेच कार्ड आहे का, तुमच्या ड्रायव्हरने पॉवर नीट परत दिली नाही तर इथे उघडं पडतं.

मेनलाइनला पाठवायचं तर पाठवाच, पण पॅच पाठवला की झालं असं नाही हे मॅनेजरला समजावून सांगा. एमएमसीचं झाड बरीच वर्षं उल्फ हॅन्सन सांभाळतात, एसडीएचसीआयचा कोड ॲड्रियन हंटर बघतात, त्याआधी पिएर ओसमन आणि ख्रिस बॉल यांनी हे काम केलंय. मेंटेनर शोधायची स्क्रिप्ट कर्नलमध्येच आहे, ती चालवली की कोणाला पाठवायचं ते येतं. मेल साध्या टेक्स्टमध्ये जायला पाहिजे. आणि इथे आपल्याकडच्या कंपन्यांची एक खास अडचण, ऑफिसच्या मेल सर्व्हरने प्रत्येक मेलखाली "हा मजकूर गोपनीय आहे" अशी शेपटी जोडलेली असते. ती शेपटी असलेला पॅच कोणी घेत नाही, घेऊ शकत पण नाही. आयटीवाल्यांशी भांडून बिनशेपटीचा मेल मिळवायला मला पॅच लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला होता. साइन्ड-ऑफ-बाय ओळ म्हणजे हा कोड द्यायचा मला अधिकार आहे असं तुम्ही लिहून देता, तेव्हा लीगलची परवानगी आधी, ईमेलवर, लेखी.

मग रिव्ह्यू येतो. पहिल्या वेळी वाईट वाटतं. माझ्या पहिल्या पॅचवर आलेला प्रश्न एका ओळीचा होता, हा डिले का आहे? आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो प्रश्न तुम्हालाही येणार, म्हणून वरचं सगळं पुराण. कमिट मेसेजमध्ये काय बदललं ते कमी आणि का बदललं ते जास्त लिहा, कोणतं कार्ड, कोणता बोर्ड, लॉगची ओळ. दुरुस्ती असेल तर ज्या कमिटने घाण केली त्याचा फिक्सेस टॅग द्या आणि स्टेबलला (निघालेल्या आवृत्त्यांना दुरुस्त्या देणाऱ्यांना) सीसी करा, म्हणजे ती जुन्या एलटीएसमध्ये (लांब पाठिंब्याच्या आवृत्त्यांमध्ये) पण आपसूक जाते. आधी मेनलाइन, मग स्टेबल, उलटं चालत नाही.

मर्ज झाल्यावर तुमचं नाव मेंटेनर म्हणून फाइलमध्ये गेलं तर दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो, त्याचा पहिला आरसी (चाचणीची आवृत्ती) निघाला की तुमच्या बोर्डावर बूट करून बघायचं, टेस्ट रोबोटची मेल आली तर उत्तर द्यायचं, दुसऱ्या कोणी तुमच्या फाइलला हात लावला तर तपासून हो-नाही सांगायचं. माझ्या अनुभवात महिन्याला दोनेक दिवस जातात, एखाद्या महिन्यात काहीच नाही. पण कोणी उत्तरच देत नाही असं झालं की ड्रायव्हरसमोर ऑर्फन (अनाथ) लिहिलं जातं, आणि मग एक दिवस तो काढून टाकायचा पॅच येतो. नोकरी सोडणार असाल तर जायच्या आधी दुसऱ्या कोणाचं तरी नाव टाकून जा, तुमच्या सिनियरने तुमच्यावर आणली ती वेळ पुढच्यावर आणू नका.

तुम्ही सोमवारी काय करायचं ते सांगतो. कोडला हात लावू नका. कार्डाची ४ नंबरची पिन ही पॉवरची, तिच्यावर स्कोप लावा आणि रीबूट मारा. रेषा ३.३ वर सरळ राहिली तर प्रॉब्लेम बोर्डाचा, ड्रायव्हरवर वेळ घालवू नका. खाली गेली तर किती गेली आणि किती वेळ ते मोजा. मग चालणारं एक कार्ड आणि न चालणारं एक कार्ड, दोघांसाठी डीबगएफएसमधली आयओएस फाइल (स्लॉटचा सध्याचा क्लॉक, व्होल्टेज दाखवणारी) आणि सिसएफएसमधला सीआयडी घ्या, बूटचा पूर्ण लॉग घ्या, कापलेला नको, आणि डिव्हाइस ट्रीतला तुमच्या स्लॉटचा नोड. हे इथे टाका, सीआयडीतला सिरियल नंबर खोडून टाकलात तरी चालेल. रजिस्टरच्या नकाशाचं पहिलं पान दाखवता आलं तर तो एसडीएचसीआय आहे का तेही तिथल्या तिथे सांगतो.